मोबाइलचं सार

डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. एका बाजूच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या व्हायच्या, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके. मधल्या आमच्या गाळ्यात मोबाइलच्या अँटेना व्हायच्या, आणि मागच्या एसीच्या खोलीत टेबलावर एक डोकं पडलेलं असायचं. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मोबाइल नुकता आमच्यासारख्यांच्या घरात शिरला होता, आणि तो कानाला लावल्यावर डोक्यात काय जातं हे मोजणं माझं काम होतं.

डोकं खरं नव्हे, फायबरचं. एका कुशीवर झोपलेल्या माणसाचा उभा अर्धा साचा, कान आणि गाल खाली, वरून उघडा. त्यात एक दाटसर द्रव भरायचा, जो लहरींच्या बाबतीत माणसाच्या मेंदूसारखा वागतो. खालून कानाला फोन लावायचा, वरून एक बारीक सळई द्रवात सोडायची आणि बोटाबोटावर मोजत जायचं की फोनच्या लहरींपैकी किती आत मुरल्या. जो आकडा यायचा त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं एस, ए, आर. गाळ्यात सगळे त्याला सरळ 'सार' म्हणायचे. हे सार ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं तर अँटेना पुढे जायची, नाहीतर परत कापाकापी. आमचं मोजमाप कच्चं होतं, पक्कं मोजमाप बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये व्हायचं. तरी मला त्या डोक्याचा फार अभिमान होता.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर आईने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "काय काम देतात?"

"सार मोजायचं."

"कशाचं सार?"

"मोबाइलचं."

आईने लाटणं थांबवलं. "आणि ते असतं कशात?"

मी आपली सरळ सांगायला गेले. "एका भांड्यात. साखर, मीठ, पाणी, आणि घट्ट व्हायला एक पांढरी पावडर."

"म्हणजे कॉर्नफ्लोअरसारखी?"

"तसंच काहीतरी."

आईने अगदी काळजीने विचारलं, "आणि फोडणी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विरारला फुलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगीत बातमी पसरली की तिसऱ्या मजल्यावरची मुलगी एवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकून शेवटी कॅन्टीनमध्ये लागली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच अडवलं. "आमसुलाचं करता की टोमॅटोचं?" मी तेव्हा भलतीच तापट होते, आताही फार निवले आहे असं नाही. मी तिथेच पायरीवर उभी राहून त्यांना लहरी, वॅट आणि किलो असं सगळं समजावून दिलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या भाषणाचे परिणाम पुढे आमच्या घराला भोगावे लागणार होते, हे मला कुठलं कळायला.

घरात आम्ही तिघी. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. दादा आखातात एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर होता. त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, त्यातले जेमतेम तीन महिने तो वहिनीजवळ राहिलेला. शेवटचा येऊन गेला तेव्हा वहिनीला दिवस राहिले, आणि मी सांगतेय त्या वेळी तिला सातवा महिना लागला होता. लँडलाइनसाठी अर्ज केलेला होता, पण आमच्या गल्लीत केबलच पोचली नव्हती. म्हणून दादाने जाताना एक मोबाइल घेऊन दिला. तिकडे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्याचा फोन यायचा. आमच्या इस्टेटीलाही वीजकपातीमुळे सुट्टी शुक्रवारचीच. त्यामुळे वहिनीचे शुक्रवार मला जवळून बघायला मिळाले. ती सकाळपासून उगाच ओटा पुसायची. अडीच वाजता वेणी घालायची. फोनमधून दिसतं की काय, असं मी चिडवलं की लाजून आत जायची आणि वर पावडरही लावून यायची.

आमच्या घरात रेंज यायची फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. मागे जीवदानीचा डोंगर, पुढे एकाला एक लागून बिल्डिंगी. हॉलमध्ये फोनवर एक काडी दिसायची, तीही मनात आलं तर. रेंजच्या त्या चढत्या रेघांना आम्ही काड्या म्हणायचो. खिडकीत मात्र पाच काड्या. बिल्डिंगीत प्रत्येकाची अशी एकेक खिडकी ठरलेली होती आणि दुपारी चारही मजल्यांवरून माणसं बाहेर डोकी काढून बोलत असायची. कोणाच्या भाच्याचं कुठे ठरतंय हे सगळ्यांना कळायचं. वहिनी मात्र इतकी हळू बोलायची की खिडकीतल्या तुळशीलाही ऐकू जात नसेल.

आणि मग एका गुरुवारी खालच्या काकू वर आल्या. त्यांचं माहेर जूचंद्रचं, तिथली बोली त्यांनी इतक्या वर्षांत सोडलेली नव्हती. आईला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "तुझीच पोरगी बोलली ना, त्या फोनच्या लहरी अंगात मुरतात? मंग पोटुशी बाईला कशाला देतेस गो हातात? पानी कसं तापतं, तसं आतलं पोर तापेल."

माझंच भाषण, माझ्याच घरात परत आलं होतं.

आईने दुसऱ्या दिवशी फोन वहिनीच्या हातात दिलाच नाही. तीन वाजता तो वाजला तसा तिने स्वतः उचलला, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि ओरडली, "मी बोलतेय! ती बरी आहे!" वहिनी दारात उभी. "तो विचारतोय जेवतेस का," आई मागे वळून म्हणाली. वहिनीने मान हलवली. "हो म्हणतेय!" आईने खिडकीबाहेर कळवलं. असं दहा मिनिटं चाललं. दादा काय विचारत असेल आणि आईच्या मार्फत काय पोचत असेल, याचा मला अंदाज आहे. पुढे पुढे तर तो नुसता हवापाण्याचं बोलू लागला. स्वतःच्या बायकोला 'तुझी आठवण येते' हे आईच्या तोंडून कोण कळवेल?

मी आईला समजवायला गेले. फोन खिडकीत ठेव, वायरचा इयरफोन लाव, काही होत नाही, असं म्हणाले. आई म्हणाली, "काही होत नाही हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "आम्ही मोजतो." त्यावर ती म्हणाली, "तू तिकडे पगार घेतेस. तू तसंच सांगणार." मी तिला अडाणी म्हणाले. तो शब्द मला आजही नकोसा वाटतो, पण म्हणाले खरी. आईने फळीवरून फराळाचा मोठा स्टीलचा डबा काढला, दिवाळीशिवाय कधी न निघणारा, आणि मोबाइल त्यात ठेवून झाकण दाबलं. काकूंनी म्हणे असंही सांगितलं होतं की फोन नुसता घरात असला तरी लहरी फिरत राहतात.

त्या शुक्रवारी तीन वाजून गेले. साडेतीन झाले. डबा गप्प. संध्याकाळी आईने झाकण उघडलं तर बॅटरी पार उतरलेली. पुढच्या शुक्रवारीही तेच. वहिनीने वेणी घातली होती, पावडर लावली होती, आणि ती हॉलमध्ये बसून त्या डब्याकडे बघत होती. चार वाजता ती उठली, पावडर पुसली आणि मला हळूच म्हणाली, "ह्यांना वाटेल, मीच फोन घेत नाही." मग तिने चहा टाकला. स्वतःसाठी मात्र घेतला नाही.

मला इतका राग आला की रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गाळ्यात माझ्या हातून तीनदा चुकीचं वाचन झालं. आमचे सर निवृत्त रेडिओ इंजिनिअर, साठी ओलांडलेले, अँटेनाशिवाय दुसरं काही सुचत नसलेले. त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. डबा, काकू, सार, फोडणी, सगळं. फोडणीला ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "रविवारी घेऊन या त्यांना. डोकं दाखवू."

मला वाटलं आई नाहीच येणार. पण ती तयार झाली, ठेवणीतली साडी नेसून. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तिने पहाटे उठून आमसुलाचं सार केलं आणि ते घट्ट झाकणाच्या बरणीत भरून घेतलं. "तुमच्याकडे तसलं करतात, त्यांना कळू दे खरं कसं लागतं," ती म्हणाली. हे ती चिडवायला म्हणाली की मनापासून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विरारहून वसई फाट्यापर्यंत बसमध्ये ती बरणी मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला झाकण दाबत होती.

एसीच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिने ते डोकं पाहिलं आणि माझा दंड धरला. "अगं बाई, मुंडकं!"

"प्लास्टिकचं आहे ताई," सर म्हणाले. "आत नुसता साखरेचा पाक."

पाक म्हटल्यावर आईची भीड चेपली. ती वाकून बघायला लागली. "एकतारी?"

"तारेचं नाही बघत आम्ही," सर म्हणाले. "पण गुठळ्या होतात. ती पावडर पाण्यात टाकली की गोळे धरते. दोन-दोन दिवस ढवळतो, तरी जात नाहीत. मग मोजमाप चुकतं."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांची मला दयाच आली. "पावडर पाण्यात टाकता कशाला? आधी कोरड्या साखरेत कालवा. एकेक कण साखरेत सुटा झाला की मग हळूहळू पाणी घाला, एका हाताने ढवळत. माझी मुलगी आहे ना इथे? तिला एवढं नाही कळलं?"

मला खरंच नव्हतं कळलं. मी घरी कधी पाक केलाच नव्हता. सरांनी तिथल्या तिथे एका भांड्यात थोडी साखर आणि पावडर काढली आणि आईने पदर खोचला. पाच मिनिटांत आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा गुठळी नसलेला मेंदू तयार झाला. सर त्या भांड्याकडे एखादा नवीन ट्रान्समीटर बघावा तसे बघत राहिले. पुढे मी ती नोकरी सोडेपर्यंत आम्ही पाक त्याच पद्धतीने केला.

मग सरांनी आईला खुर्ची दिली आणि मोजून दाखवलं. टेबलावर एक यंत्र होतं, ते फोनला आपण टॉवर आहोत असं भासवायचं. त्या खोट्या टॉवरने फोनला बोलायला लावलं. फोन कानाला चिकटलेला होता तेव्हा आकडा चांगला वर गेला. सरांनी फोन बोटभर खाली घेतला, आकडा उतरला. वीतभर खाली घेतला, तर तो उरला न उरल्यासारखा झाला. आई आकड्यांकडे नाही, सरांच्या हाताकडे बघत होती. किती अंतर, ते डोळ्यांनी मापत होती.

"आता रेंज कमी करतो," सर म्हणाले आणि त्यांनी खोट्या टॉवरचं बटण फिरवलं. फोन जागचा हलला नव्हता, पण आकडा सरसर चढला.

"हे काय?" आई दचकली.

"पलीकडच्या माणसाला ऐकू जात नसलं की आपण काय करतो? ओरडतो. फोनचंही तसंच. टॉवर जवळ असला, रेंज चांगली असली, की तो कुजबुजतो. रेंज नसली की बोंबलतो."

आईने विचारलं, "म्हणजे मी डब्यात ठेवला, तेव्हा?"

"झाकण घट्ट असेल तर आत बसून नुसता टॉवर शोधत राहिला असेल. जरा फट असेल तर बोंबलला असेल. बॅटरी दोन्हीत जाते."

"झाकण तिरकं बसतं त्याचं," आई कसंनुसं म्हणाली. "गेल्या दिवाळीत पडला होता."

मला वाटलं, झालं काम. पण आईने परत त्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे डोकं कोणाचं?"

"मोठ्या पुरुषाचं. चांगल्या धिप्पाड माणसाचं माप घेऊन केलंय."

"बाईचं नाही?"

"नाही."

"आणि पोटुशी बाईचं पोट? ते कुठे मोजता?"

"इथे नाही मोजत, ताई. आमच्याकडे तो साचाच नाही."

मी डोळे मिटून घेतले. कशाला कबूल करायचं, असं मनात आलं. सर पुढे म्हणाले, "मर्यादा ठरवली ती अंगाला सोसेल त्याच्या कितीतरी खाली ठेवून ठरवलीय. जेवढ्याने अपाय होताना दिसला, त्याच्या पुष्कळ अलीकडे रेघ मारलीय. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, सगळे धरून. आणि पोट तर कानापासून चांगलं लांब असतं. पण 'काहीही होत नाही' असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. जेवढं मोजलं तेवढं सांगेन. माझी सून असती तर मी तिला बोलू दिलं असतं. फोन लांब ठेवून, चांगल्या रेंजमध्ये, वायर लावून."

आईने बरणी उघडली आणि सरांना एक वाटी सार ओतून दिलं. ते त्यांनी उभ्या उभ्या प्यायलं, आणखी मागून घेतलं. निघताना त्यांनी कपाटातून वायरचा एक नवा इयरफोन काढून दिला.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. आई खिडकीशी बसली होती, रिकामी बरणी पिशवीत. मग एकदम म्हणाली, "नाही म्हणाला तो माणूस. 'नाही मोजत' म्हणाला. तेवढ्यासाठी मला पटलं."

तिने पिशवीतली बरणी सावरली.

"आपण फुलपाड्यात आलो ते पहिलं वर्ष आठवतं तुला? नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा."

आठवत होतं. टँकर आला की सगळी बिल्डिंग कळश्या घेऊन धावायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्याच वर्षी आईला अशक्तपणा आला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं आणि मला महिनाभर आत्याकडे मनवेलपाड्याला पाठवलं होतं. आत्याकडे टीव्ही होता, म्हणून तो महिना माझ्या आनंदाच्या आठवणींत होता.

"अशक्तपणा नव्हता," आई म्हणाली. "सातवा महिना होता मला. तीन जिने होते. एक हंडा चालला असता, दोन चालले असते. मी सहा चढवले. मला कोणी सांगितलंच नाही किती चालतात. कोणी मोजलंच नव्हतं."

बस वसई फाट्याहून केव्हाच पुढे आली होती. मी तिचा हात धरला, तो साखरेने अजून थोडा चिकट होता. ज्या बाईला मी अडाणी म्हणाले होते, तिला मर्यादा म्हणजे काय हे आमच्या सगळ्या गाळ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला फार लाज वाटली, आणि तितकंच रडू आलं. आईने मला रडू दिलं नाही. "वाटीने दोनदा प्यायला तुझा साहेब," ती म्हणाली, "घरी बायको करत नसेल सार."

पुढच्या शुक्रवारी सकाळीच आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. खिडकीशेजारी पळ्या-झाऱ्यांचा स्टँड होता. पळी आणि झारा यांच्यामधला खिळा तिने मोकळा केला आणि मी विणलेल्या एका पिशवीत मोबाइल घालून तिथे टांगला. पाच काड्या. मग तिने खाली बघत खिडकीपासून लाद्या मोजल्या. एक, दोन, तीन सोडल्या आणि चौथ्या लादीवर स्टूल ठेवलं.

"सरांनी वीतभर सांगितलं होतं," मी म्हटलं.

"त्यांचं ते स्टँडर्ड. हे माझं."

इयरफोनची वायर ताणून ताणून जेमतेम पुरायची. त्यामुळे वहिनीला मान एका बाजूला कलती करून बसावं लागे. तीन वाजता फोन वाजला. मी हिरवं बटण दाबलं आणि आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं. दार ओढून घेतलं आणि स्वतः त्याला पाठ लावून उभी राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम वहिनीचं हसू ऐकू आलं, मोठ्याने, पहिल्यांदाच. मला तहान लागली होती. "नंतर पी," आई म्हणाली. "ती बोलतेय."

खालच्या काकू त्याच दिवशी वर आल्या, तर आईने त्यांना बसवून लहरी, काड्या, वीत आणि बोंबलणारा फोन, सगळं सविस्तर सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. पंधरा दिवसांत बिल्डिंगीतल्या निम्म्या खिडक्यांमध्ये फोन खिळ्याला टांगलेले दिसायला लागले आणि माणसं आतल्या बाजूला मान कलती करून बसायला लागली. काकूंनी आणखी पुढे जाऊन चार लाद्या सोडल्या, पण त्यांची वायर पुरेना. मग त्यांनी लाद्या कमी न करता खिडकीच बदलली, लहान लाद्यांच्या खोलीतली घेतली.

नवव्या महिन्यात वहिनीला मुलगी झाली. दादाला रजा मिळायला अजून महिना होता. घरी आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिघी आणि ती चौथी, अडीच वाजल्यापासून स्वयंपाकघरात. वहिनी स्टुलावर. आई तिच्याशेजारी, दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन, चौथ्या लादीवर. फोनवर बाहेर आवाज येण्याचं बटण होतं, ते मी दाबून ठेवलं होतं. वायर लावायची नाही, असं आईनेच ठरवलं होतं. ह्या वेळचं बोलणं सगळ्यांचं.

फोन वाजला. "हॅलो," दादा म्हणाला. आणि जणू कोणी सांगून ठेवल्यासारखी पोर रडायला लागली, अगदी सगळा जीव काढून. आईने तिला जरा पुढे धरलं. "ऐक!" ती ओरडली. "ऐक, तुझी आहे!"

पलीकडून काही आलं नाही. पोर रडत होती, पिशवीतला फोन खिळ्यावर हलत होता, आणि तिकडून काहीच नाही.

"हॅलो?" वहिनी म्हणाली. "हॅलो, ऐकू येतंय का? रेंज गेली वाटतं हो आई."

आईने मान लांब करून पिशवीतून डोकावणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. "पाचही काड्या आहेत," ती म्हणाली. "रेंज कुठे जातेय. रडतोय तो."

आणि नातीला घेऊन ती चौथ्या लादीवरून तिसरीवर गेली, मग दुसरीवर.